उन्हावर अडलेली गाठ

आक्कांच्या कुत्र्याच्या छातीवर गाठ आहे हे सकाळी माझ्या हाताला लागलं, आणि दिवेलागणीपर्यंत ते अख्ख्या आळीच्या हाताला लागलं.

मी पडवीत बसून त्याचे गोचीड काढत होतो. पुढच्या पायांच्या मध्ये बोट एका जागी अडलं. फुगलेला गोचीड असेल म्हणून ओढायला गेलो तर तो कातड्याच्या आत. चिमटीत धरला की सरकायचा. कुत्र्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, म्हणजे ते माझं आहे, राहू दे, अशा अर्थानं.

हे ऐंशी साल उलटून गेल्यानंतरचं. पिरंगुटच्या बाजूला माळावर पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या आणि त्यांतल्या एकीत मी प्रेस मशीनवर वायसर, म्हणजे नटाखालच्या चकत्या, पाडायचो. माझं गाव उदगीरच्या पुढं, जवळजवळ कर्नाटकाच्या अंगणात. आठवीत शाळा सुटली. मी शाळेला सोडलं का शाळेनं मला, यावर घरी अजून एकमत नाही. एवढ्या लांब येऊन पोटाला लागलो याचंच मला इतकं अप्रूप होतं की मी सगळ्यांचेच उपकार मानत सुटलो होतो. एसटी थांबली की ड्रायव्हरला नमस्कार करायचो. दुकानदारानं सुटे पैसे परत दिले की "लई उपकार झाले" म्हणायचो. तो पैसे पुन्हा मोजून घ्यायचा.

खोलीची गोष्ट तशीच. आक्का एकट्या राहायच्या. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मुली आपापल्या घरी नांदत होत्या. पडवीला लागून एक खोली रिकामी होती आणि ती बघायला माझ्या आधी बरेच जण येऊन गेले होते. प्रत्येकाच्या अंगावर कुत्रं धावून गेलं होतं. मी गेलो तेव्हा ते माझ्याही अंगावर आलं, पण मला इतकी भीती वाटली की पळायचं सुचलंच नाही. त्यानं माझे पाय हुंगले आणि पायांवरच बसकण मारली.

"कुत्र्याला पसंत हाय," आक्का आतूनच म्हणाल्या. "ऱ्हा."

आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. पुढं आयुष्यात मी पुष्कळांसमोर हात बांधून उभा राहिलो, पण इतकी सरळ मुलाखत परत कुणी घेतली नाही. त्या मुलखात मला ओळखणारं पहिलं कोण, तर ते कुत्रं. त्याला नावही नव्हतं. "यू यू" म्हटलं की यायचं, "हाड" म्हटलं तरी यायचं.

तर त्या गाठीचं. मी आक्कांना दाखवली. आक्कांनी शेजारणीला दाखवली. मग काय, चपला पडवीच्या बाहेर मावेनात. येणारा प्रत्येक जण आधी हात धोतराला पुसायचा, मग डोळे मिटायचा आणि गाठ दाबायचा. डोळे मिटल्याशिवाय गाठ कळत नाही असा तिथला शिरस्ता असावा. किराणा दुकानदार म्हणाला, सुपारीएवढी. शेतावरून आलेला एकजण म्हणाला, छे, आवळ्याएवढी. शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, ती म्हणाली डिंकाच्या लाडवाएवढी. माझ्याबरोबर कामाला असणारा एक होता, तो वाट वाकडी करून बघायला आला आणि म्हणाला, "पाऊण इंची नट. गॅरंटी." ज्याच्या नजरेसमोर दिवसभर जे असेल तेवढी गाठ. संध्याकाळपर्यंत सुपारीचा आंबा झाला. कुत्रं होतं तेवढंच राहिलं.

कारणांचंही तसंच. हाड अडकलंय. विंचू चावलाय. पाटलांच्या कुत्रीनं नजर लावलीय. एकालाही "मला माहीत नाही" असं म्हणावंसं वाटलं नाही.

शेवटी तात्या आले. तात्या आक्कांचे दीर, भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. ते एकदा सरपंच होते, नंतर कधी नव्हते, पण ही नंतरची बातमी त्यांना कुणी कळवलेली दिसत नव्हती. त्यांनी गाठीला हातही लावला नाही. लांबूनच म्हणाले,

"वाताची हाय. डाग द्यायचा."

डाग म्हणजे विळा चुलीत लालभडक करून सुजेवर टेकवायचा. तात्यांच्या गोठ्यात एकही जनावर डागाशिवाय नव्हतं. एका बैलाच्या वशिंडाखाली दोन काळ्या रेघा होत्या, त्या त्यांनी मला नेऊन दाखवल्या.

"ह्यो बघ. पुन्हा सूज आली न्हाई."

बैल आमच्याकडं बघत होता. त्याला कुणी विचारलं नाही.

त्या दिवसांत मी कुणासमोर सहसा बोलत नसे, कारण तोंड उघडलं की आमच्याकडची बोली बाहेर पडायची आणि लोक हसायचे. तरी बोललो, दाखवून येतो एवढंच सांगायचं होतं. म्हणालो, "तात्या, आधी डॉक्टरला दाखवून येऊलालाव."

"लाव, लाव," तात्या म्हणाले. "काय लावायचं ते लाव." आळी हसली. "पर डाग आयतवारीच देत्यात, ध्यानात ठेव. आयतवारपतोर तुझा डाक्टर काय बोलला तर बोलला. न्हाई बोलला, तर भाकरी झाल्या की इळा चुलीत. काय वयनी?"

आक्का भांडी गोळा करायला लागल्या. तात्यांपुढं त्या कधीच बोलायच्या नाहीत. पण रात्रीचं भांडं घासताना त्यांनी कुत्र्याकडं बघून नुसतंच "मेलं," म्हटलं, आणि आवाज जरा हलला. तेवढ्यानं मला कळलं की जायला पाहिजे.

आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी असायची. जनावरांचा दवाखाना बाजाराच्या गावी. आक्का बाजाराची पिशवी घेऊन एसटीनं पुढं गेल्या. मी कुत्र्याला घेऊन चढायला गेलो तर कंडक्टरनं आधी कुत्र्याकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि घंटी मारली. त्यामुळं आम्ही चालत. त्याच्या गळ्यात जन्मात दोरी पडली नव्हती, त्यामुळं कुणी कुणाला नेलं ते सांगता येत नाही. वाटेत प्रत्येक गावच्या वेशीवर तिथली कुत्री जमायची आणि आम्हांला पुढच्या वेशीपर्यंत पोचवून यायची. वर पाऊस चालूच. त्या बाजूचा पाऊस पडत नाही, तो राहायला येतो. आमच्याकडं पाऊस म्हणजे बडा पाहुणा, आला तर गावभर बोलबाला. इथं तो घरच्यासारखा होता, त्याच्याकडं कुणी वर मान करून बघतही नव्हतं.

दवाखान्यासमोर बैल, म्हशी, एक आजारी रेडा आणि त्यांचे मालक घोंगड्या पांघरून उभे. त्या रांगेत मी कुत्रं घेऊन शेवटी उभा राहिलो.

"काय पाव्हणं," रेडेवाला म्हणाला, "दूध किती देतंय?"

दारात शिपाई होता. त्यानं विचारलं, "कुत्रं का? मानसाच्या दवाखान्यात जा. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील."

"चावलं नाही," मी म्हणालो. "कुत्र्यालाच दाखवायचंय."

"मंग कुत्र्याला काय चावलं?"

"काही चावलं नाही. गाठ आहे."

"कुनाची?"

"कुत्र्याची."

"कुत्र्याची कुनाशी गाठ?"

तेवढ्यात आक्का पुढं झाल्या आणि त्याला बाजूला सारून सरळ आत गेल्या. तात्यांपुढं बंद असणारं तोंड बाहेरगावी चांगलं चालायचं.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, बोलणं पुस्तकातल्यासारखं. कुत्रं बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं हे आता त्याला मुका देतात. "नोकरीला लागल्यापासून नुसत्या म्हशी बघतोय हो," ते म्हणाले. तिथं जनावर उभं करायला लाकडी खोडा होता, बैलाच्या मापाचा. कुत्र्याला त्यात घातलं तर ते खालून चालत बाहेर आलं. शेवटी टेबलावरचे कागद उचलले आणि त्याला टेबलावर बसवलं. माझा मफलर त्याच्या तोंडाला बांधला.

डॉक्टरांनी गाठ दाबली. डोळे उघडे ठेवून. इकडून सरकवली, तिकडून सरकवली, भोवतीनं बोट फिरवलं.

"कशाची हाय?" आक्कांनी विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या आळीला जे माहीत होतं ते एवढ्या शिकलेल्या माणसाला माहीत नाही. त्या हळूच म्हणाल्या, "ह्यो पास झालाय नव्हं?"

डॉक्टरांना ते ऐकू गेलं, पण ते हसले. "हाताला मऊ लागतेय, सरकतेय, ही चांगली लक्षणं. पण आक्का, हाताला कळतो तो अंदाज. वरून गरीब दिसणारी गाठ आतून वाईट निघते, कधी उलटंही होतं. आतलं काढून बघितल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही."

मग त्यांनी सुई घेतली आणि पिचकारीला लावली. आक्का पुढं वाकल्या.

"अवो डाक्टर, ती रिकामी हाय."

"रिकामीच पाहिजे."

"औषिद भरायचं इसरलं तुमी."

"ही घालायची सुई नाही, काढायची आहे. गाठीतलं कणभर ओढून घ्यायचं, काचेवर पसरायचं आणि बघायचं."

सुई आत गेली. कुत्र्यानं माझ्या दंडात डोकं खुपसलं. डॉक्टरांनी पिचकारीचा दांडा मागं ओढला, सुई बाहेर काढली, टोकाशी काहीतरी चमकल्यासारखं झालं. आक्कांचा चेहरा मात्र लुबाडल्यासारखा. घरापासून इथवर येऊन सुई टोचून घ्यायची आणि वर काहीतरी देऊन जायचं, असा व्यवहार त्यांनी कधी बघितला नव्हता.

"किती काडलं?"

"टाचणीच्या डोक्याएवढं."

"बघून झालं की परत घालताय नव्हं?"

"नाही आक्का."

"मंग तेवढ्याला दुसरं कायतरी घाला."

डॉक्टरांनी दोन-तीनदा समजावलं. मग मागं उभे असलेले बैलवाले कुजबुजायला लागले तेव्हा त्यांनी बाटली उघडली आणि गाठीवर टिंक्चर आयोडीन फासलं. छातीवर हा मोठा तपकिरी डाग उमटला. आक्का निवल्या. काहीतरी झालं हे आता लांबूनही दिसत होतं.

इकडं काचेवरचा थेंब वाळेना. डॉक्टर फुंकर घालत होते. "या दिवसांत माझे बनियन वाळत नाहीत, हे काय वाळणार," असं म्हणत त्यांनी त्यावर निळा रंग ओतला, धुतला, आणि लाकडी पेटीतून सूक्ष्मदर्शक दुर्बीण काढली. तिला खाली एक वाटोळा आरसा होता, बोटभर. त्या आरशानं उजेड पकडून काचेतून वर डोळ्यात सोडायचा. डॉक्टरांनी ती खिडकीत ठेवली, आरसा इकडं फिरवला, तिकडं फिरवला. खिडकीत ढगाशिवाय काही नव्हतं. छताला बल्ब होता, पण तो पावसाळ्यात शोभेला. खोरं इथलं, पाणी इथलं. त्यावर होणारी वीज मात्र तारांवरून आमच्या डोक्यावरनं मुंबईला जायची, आणि आम्ही तिच्याकडं मान वर करून बघायचो.

"ऊन पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

"कुत्र्याला?" आक्का.

"दुर्बिणीला. ऊन पडलं की बघतो. काच जपून ठेवतो."

आक्कांनी खिडकीतून ढगाकडं बघून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमच्याकडं लई ऊन असतंय म्हनं." मी येताना ते घरी विसरून आल्यासारखं.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. आमच्या गावाकडं ऊन म्हणजे काय हे मी यांना कसं सांगणार होतो! चपलेशिवाय अंगणात पाय टेकवायची सोय नाही, एवढं. ते ऊन जन्मभर नकोसं झालेलं, आणि इथं आता त्याची तिरीप मिळेना.

ही बातमी आमच्या आधी गावात पोचली. शुक्रवारी कामावरून सुटलो, दवाखान्याकडं गेलो, तसाच परत आलो. एसटीतले लोक विचारायला लागले, "काय कंपनी, पडलं का?" गावात सगळे मला 'कंपनी'च म्हणायचे. मी नाही म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी आकाशाला शिवी हासडायचं. एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या माहेरी, पौडाच्या पलीकडं, परवा कवडसा बघितलेला माणूस आहे. तात्या ओट्यावरच बसलेले असायचे.

"तुझ्या डाक्टरला म्हनावं, उजेडच पायजे ना? माझ्याकडं इस्तू हाय. उजेड बी पडंल आन काम बी हुईल."

शनिवारी ऊन पडलं. मी तेव्हा मशीनवर होतो, मला पत्ताही नाही. दवाखान्यात पोचलो तर शिपाई दारात उभा.

"पडलं होतं की! मगाशी. लख्ख."

"मग बघितलं का डॉक्टरांनी?"

"डाक्टर कुटं? तिकडं वस्तीवर म्हैस अडली होती, वासरू आडवं." त्यानं हात खांद्यापर्यंत दाखवला. "ऊन होतं तवा डाक्टर म्हशीत. डाक्टर म्हशीतनं निघाले, तवा ऊन न्हाई."

मी तिथंच पायरीवर बसलो. डॉक्टर आले, बादलीत हात धूत होते, चिखलानं माखलेले. मी डागाचं सांगितलं. उद्या आयतवार आहे, भाकरी झाल्या की विळा तापणार. त्यांनी हात धुवायचे थांबवले. म्हणाले, "जिवंत कातड्यावर? आणि गाठ वाईट असली तर डागून ती चिडेल, साधी असली तर जखम फुकट." मग म्हणाले, "उद्या सुट्टी आहे, पण मी मागच्या खोलीतच राहतो. सकाळपासून दुर्बीण दारातच मांडून बसतो. तुम्ही गावात सांगा, माझं नाव सांगून थांबवा."

मी गावात सांगितलं. तात्या म्हणाले, "एवढा शानपना हाय तर ऊन पाडाय सांग त्याला."

रविवारी माझी पहिली पाळी. डोकं मशीनवर नव्हतं, त्यामुळं बोटं जपून ठेवली होती. वरच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून पावसाळाभर माझ्या खांद्यावर पाणी गळायचं. त्या सकाळी त्या भोकातून एकदम उन्हाची काठी खाली आली आणि वायसरच्या ढिगावर टेकली. सगळे वायसर लखलखले. आता डॉक्टर बघतील, पण ते बघितलेलं गावात कोण नेणार?

नोकरीला लागल्यापासून मी कधी रजा मागितली नव्हती. ताप आला होता तेव्हा तापासकट गेलो होतो, न जाणो यांना वाटायचं की याच्याशिवाय चालतंय. मशीन थांबवून सुपरवायझरसमोर उभा राहिलो. ते पुण्याचे, रोज स्कूटरवर येणारे.

"साहेब, आत्ता जायला पाहिजे. रजा पाहिजे."

"का रे? काय झालं?"

"ऊन पडलंय."

त्यांनी चष्मा काढला. "आजारपणाची रजा ऐकली. लग्नाची ऐकली. एकानं बायको माहेराहून यायची म्हणून मागितली होती, तीही दिली. उन्हाची रजा?"

मी सगळं सांगायला गेलो, पण घाईत कुत्रं, दुर्बीण, डाग, म्हैस असं काहीतरी बाहेर पडलं, आणि तेही आमच्याकडच्या बोलीत. त्यांना काय कळलं देव जाणे. मी सारखा पत्र्याच्या भोकाकडं बघत होतो तेवढं त्यांना दिसलं असावं. म्हणाले, "जा. आणि उन्हातच जाणार आहेस तर माझा रेनकोट घेऊन जा, वाळत घाल कुठं तरी."

खरंच दिला. मी तो काखेत मारला आणि रस्त्यावर पळालो. विटांच्या ट्रकनं घेतलं. दवाखान्यामागच्या ओट्यावर डॉक्टरांचे सगळे कपडे वाळत होते आणि त्या बनियनांच्या मधोमध डॉक्टर दुर्बिणीवर वाकले होते.

"या, या. बघा."

मी डोळा लावला. आधी मला काळ्या काड्या दिसल्या. मी घाबरून सांगितलं. "त्या तुमच्या पापण्या आहेत," डॉक्टर म्हणाले. मग जरा लांब झालो तर मोठेमोठे गोल, साबणाच्या फेसासारखे, एकमेकांना चिकटलेले.

"हे काय आहे?"

"चरबी. नुसती चरबी. उगाच वाळत नव्हती काच, तेल कुठं वाळतं?" ते लहान मुलासारखे खूश झाले होते. "घाबरायचं कारण नाही. खायला जरा कमी घाला. गाठ भराभर वाढली किंवा कडक झाली तर मात्र परत आणा. आणि डाग नाही द्यायचा. पळा."

मी पळालो. उपकार मानायचे विसरलो, हे त्या काळातलं माझं एकमेव उदाहरण.

गावाच्या फाट्यावर उतरलो तर आळीतून धूर दिसला. तात्यांच्या अंगणात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात विळा, अर्धा लाल. कुत्र्याला दोघांनी दाबून धरलं होतं, तोंडाला पंचा बांधलेला. भोवतीनं अख्खी आळी. आक्का आपल्या दारात पाठ करून बसल्या होत्या. तात्यांनी मुठीला फडकं गुंडाळून विळा उचललेला मी वळणावरूनच बघितला आणि होता तेवढा आवाज लावून ओरडलो,

"तात्या! चरबी हाय! चरबी हाय तात्या! नुसती चरबी हाय!"

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं.

तोंडावर कुणाला चरबी आहे म्हणायचं तर आमच्याकडं हातात काठी लागते, इकडं मुळशी तालुक्यात कुऱ्हाड. माझ्या हातात सुपरवायझरचा रेनकोट होता. मी आजवर त्या गावात मान वर करून बोललो नव्हतो, आणि आता भर आळीत, माजी सरपंचाला, तीनदा.

तात्या विळ्यासकट माझ्याकडं वळले. "कुनाला?"

"मी नाही म्हणत तात्या," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले."

"डाक्टर म्हनला मला चरबी हाय?"

"दुर्बिणीत बघून म्हणाले."

"माझी चरबी? दुर्बिनीत?"

कुत्र्याला धरणाऱ्यांतला एकजण खाली मान घालून म्हणाला, "त्याला दुर्बीन कशाला लागतीया!"

दुसऱ्या धरणाऱ्याला हसू आवरेना. हसताना माणसाचे हात सैल पडतात. कुत्रं त्याच्या पोटावर पाय देऊन सुटलं आणि पंच्यासकट आक्कांच्या घरात, कॉटखाली. मग सगळीच आळी हसली, आणि त्या हसण्यात मी ओरडून ओरडून सांगितलं की गाठ, गाठ चरबीची आहे, कुत्र्याची, वाईट काही नाही, डॉक्टरांनी डाग नको म्हणून सांगितलंय.

तात्या उभेच होते. विळ्याची लाली उतरत चालली होती. मिशीवरून हात फिरवून ते म्हणाले, "मी पयल्यापासनं काय म्हनत होतो?"

"वाताची म्हनत होता," आक्का दारातून म्हणाल्या. तात्यांपुढं त्यांचं तोंड उघडलेलं मी तेव्हा प्रथम बघितलं.

"वात चरबीतच ऱ्हातो, वयनी," तात्या म्हणाले. "चरबी डागत न्हाईत. पेट घेतीया. हे डाक्टरला आज कळलं, मला माझ्या बापानं सांगितलं होतं."

पण तापवलेला विळा तसाच थंड करायचा नसतो म्हणे. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. जो तो एकेक पाऊल मागं सरला, आणि बैल गोठ्यातून टक लावून बघत होता. शेवटी भिंतीला टेकवून ठेवलेल्या जोखडावर त्यांनी विळा टेकवला. चर्र झालं, धूर निघाला. त्या जोखडाला पुढं कधी सूज आली नाही.

आठ दिवसांत असा एकही माणूस उरला नाही की ज्यानं पहिल्यांदा हात लावला तेव्हाच चरबी ओळखली नव्हती. सुपारीवाल्यानं ओळखली होती, आवळेवाल्यानं ओळखली होती. कंपनीतला नटवाला तर मला म्हणाला, "मी तुला त्याच दिवशी बोलणार होतो."

पण हे नंतरचं. त्या दुपारी लोक पांगले, ऊनही गेलं, आणि मी माझ्या खोलीकडं वळलो तर आक्कांनी हाक मारली. त्यांचा चेहरा काही वेगळाच दिसत होता. मला वाटलं खूश असतील. त्या खूश नव्हत्या, त्या शरमल्या होत्या.

"खरंच चरबी म्हनला डाक्टर?"

"खरंच."

"म्हंजी खाऊन खाऊन झाली?"

"जरा कमी घाला म्हणाले."

आक्कांनी माझं मनगट धरलं आणि अंगठ्याला बोट लावून बघितलं. अंगठा बोटाच्या पुढं गेला. "हे बघ. आता गावभर झालं ना, आक्काच्या कुत्र्याला चरबी आलीया म्हनून. लोक उद्या काय म्हनतील? कुत्र्याला चरबी आन भाडेकरू चिपाड. मला तोंड दाखवाय जागा ऱ्हायली का?"

"मी खातो की आक्का. डबा असतो माझा."

"तुझा डबा म्या बघितलाय. बस हितं."

"लई उपकार..."

"उपकार ऱ्हाऊ दे, भाकरी चुर."

मी चुलीपुढं बसलो. ताटात भाकरी, वर कालवण, शेजारी भात. गाव सोडल्यापासून मला कुणी वाढलं नव्हतं. मी मान खाली घालून चुरायला लागलो. कॉटखालून पंचा ओढत ओढत कुत्रं बाहेर आलं आणि माझ्या मांडीला लागून बसलं.

"हाड!" आक्का म्हणाल्या. "तुला न्हाई. दुर्बिनीत दिसलंय तुझं." आणि भाकरी उलटायला चुलीकडं वळल्या.

कुत्र्यानं आधी त्यांच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी त्याच्या तोंडाचा पंचा सोडला.